पिवळ्या दिव्यापाशी हनीफभाई

हनीफभाईंची शेअर रिक्षा नसरापुरातून निघते आणि हायवे ओलांडून पलीकडच्या वस्तीपर्यंत जाते. गुडघ्यांच्या दुखण्यापायी मला अधूनमधून पलीकडच्या दवाखान्यात जावं लागतं, तेव्हा मी त्यांच्याच रिक्षात बसते.

हायवेच्या फाट्यावर सिग्नल नव्हता तेव्हा माणसाचा हात चालत असे. कुणीही तळवा वर करून रस्त्यात पाऊल टाकायचं, गाड्या आपोआप थांबायच्या. हनीफभाईंना त्या दिवसांची फार ओढ. "तवा समोरच्याचं त्वांड दिसायचं, वहिनी. आता समदी दिव्याकडं बघत्यात."

हिरव्याचा पिवळा झाला की सगळे वेग वाढवतात. हनीफभाई थांबतात. नियम तोच आहे, पण मागच्याने हे निघून जाणार असं धरलेलं असतं. दिवाळीनंतर दोनदा त्यांना टेम्पोने मागून ठोकलं. दुसऱ्या वेळी त्यांचा मुलगा इमरान म्हणाला, आता बास.

"अब्बा, तुमी चुकत न्हाई, पर मार तुमालाच बसतोय. रिक्षा मी चालवतो."

"आन मी काय करू? कोंबड्या राखू?"

"कोंबड्या हायेत कुठं? अम्मीनं कवाच इकल्या."

हनीफभाईंनी मला मध्ये घातलं. आमचे हे गेल्यापासून, सकाळी कुठं जायचं नसलं की दिवस कसा पसरतो, हे मला ठाऊक आहे. मी इमरानची समजूत घातली. वडिलांनी एक फेरी मारून दाखवायची, त्याने मागे बसून बघायचं, असं ठरलं. मीही बसले.

फाटा आला. दिवा पिवळा झाला आणि मागून डंपरने हॉर्न दिला. जन्मभर थांबत आलेला हा माणूस त्या दिवशी, मुलाला आपली हिंमत दिसावी म्हणून, मूठ पिळून पुढे निघाला. आम्ही मध्यावर असतानाच लाल लागला. समोरून भोंगवलीच्या रतनबाई डोक्यावर पाटी घेऊन निघाल्या होत्या, जुन्या सवयीने तळवा वर करून. रिक्षा त्यांच्या लुगड्याला घासून थांबली.

रतनबाईंनी वाकून आत पाहिलं. "हनीफ, तू व्हय? मला वाटलं कुणी परका हाय."

त्या निघून गेल्या. हनीफभाईंनी रिक्षा कडेला घेतली. ते खाली उतरले आणि न मागता चावी मुलाच्या हातात ठेवली.

"चालव बाबा," म्हणाले, "काकीला दवाखान्याला उशीर व्हतोय."

आता इमरानच चालवतो. जागा असली की हनीफभाई उगीच मागे बसून एक फेरी करून येतात. परवा माझ्या शेजारीच होते. फाटा जवळ आला तसा त्यांचा उजवा पाय पुढे सरकला आणि खालच्या पत्र्यावर ब्रेक शोधू लागला.