अहोऽऽ म्हटलं की येणारी मांजरं

सातपूरच्या माझ्या मावशीला घरात मांजरं किती असं विचारलं, की ती म्हणायची, "मोजू नये गं, दृष्ट लागते." शेजाऱ्यांनी मात्र मोजली आणि महापालिकेत तक्रार केली. घरभर जनावरं, वास येतो, मुक्या जिवांचे हाल होतात, वगैरे. चौकशीला माणूस येणार म्हटल्यावर मावशीनं मला बोलावून घेतलं.

"सगळ्यांना उचलून नेतील का गं?"

कायद्याचं एक पानही न वाचता मी ठणकावलं, "दिसलीच नाहीत, तर नेतील कशी?"

सकाळपासून आम्ही दोघी मांजरं धरून गच्चीवरच्या खोलीत कोंडत होतो. एक माझ्या खांद्यावरून उडालं. एक पिठाच्या डब्यात पडलं आणि काळ्याचं पांढरं होऊन बाहेर आलं. मावशी जिन्यातच बसली, पोट धरून हसायला. दाराची कडी मोडलेली, म्हणून सुतळी बांधली.

साहेब आले. तरुण होते, घामाघूम झालेले. हेल्मेट शोकेसवर ठेवून त्यांनी विचारलं, "मांजरं कुठायत?"

"कसली मांजरं?" मावशी म्हणाली. तिच्या अंबाड्यावर मांजरांचे पाव किलो केस चिकटले होते.

त्यांनी खालच्या खोल्या पाहिल्या, चहा घेतला आणि निघाले. मी मनातल्या मनात फुगडी घालत होते. तेवढ्यात मावशीला शोकेसवरचं हेल्मेट दिसलं. ती दाराशी धावली आणि खणखणीत आवाजात ओरडली, "अहोऽऽ! हेल्मेट राहिलं!"

मी तिचं तोंड दाबायला धावले, पण उशीर झाला होता. मावशीनं काकांचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही. ते कंपनीतून आले, की ती याच सुरात हाक मारायची, "अहोऽऽ, पान वाढलंय!" काका ताटातले निम्मे बोंबील मांजरांना घालायचे. त्यामुळे अहोऽऽ म्हणजे जेवण, हे त्या सगळ्यांना पाठ.

वर सुतळी तुटली. जिन्यावरून काळी, पांढरी, पिवळी, पिठातली अशी सगळी फौज खाली आली आणि थेट दारात परतलेल्या साहेबांच्या पायांत घोटाळू लागली.

ते खाली बसले. एकेकाचे डोळे, कान, पोट नीट तपासलं. मग म्हणाले, "किती आहेत यापेक्षा कशी आहेत, ते बघतो आम्ही. उपाशी ठेवणं, आजारपणात दुर्लक्ष करणं, कोंडून ठेवणं, हा गुन्हा. ही तर गुटगुटीत आहेत. कोंडली कोणी?"

मावशीनं तत्काळ माझ्याकडे बोट केलं. माझी सख्खी मावशी!

"आणि हाक तर मला मारलीत ना?" त्यांनी विचारलं. "मग ही कशी धावत आली?"

मावशीनं भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. "यांना जेवायला बोलवायची हाक ती. गेले हो मागच्या वर्षी. मला वाईट वाटतं ते एवढंच, की अहो म्हणायला कुणी उरलं नाही. ही मांजरं तेवढी ओ देतात. म्हणून एकही कमी करवत नाही."

साहेबांनी मांजराच्या पाठीवरचं पीठ झटकलं. मग सगळ्यांना लसी द्या, नसबंदी करून घ्या, चांगली घरं मिळाली तर थोडी द्या, असं समजावून ते उठले. "बाकीची राहू द्या," ते म्हणाले आणि घाईघाईनं गेटबाहेर पडले.

हेल्मेट परत शोकेसवरच.

"अहोऽऽ!" मावशीनं हाक दिली. या वेळी मांजरांच्या आधी रस्त्यावरून आवाज आला, "ओ!"