मॉनिटर सीटवर, मी खाली

मंडळी, आज सकाळी रेल्वेने दिल्लीहून इंदूरला परतलो. मुलीला ॲनिमेशनच्या कामासाठी भारी मॉनिटर हवा होता. आपल्याकडची किंमत ऐकून मी दिल्लीत चौकशी केली. दिल्लीत तोच बराच स्वस्त मिळाला.

उज्जैन स्टेशन गेल्यावर समोरच्या सीटवरच्या, आपल्या इंदूरच्याच स्नेहलतागंजमधल्या काकू हसून म्हणाल्या, "काय हो भिया, खोक्याने तिकीट काढलंय का? ते सीटवर आणि तुम्ही खाली!"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. खोकं सीटवर नीट टेकवून मी खाली पेपर पसरून बसलो होतो. अगदी बाबांसारखा.

बाबा कामाला होते ती कापडमिल बंद पडल्यावर ते इथल्या दुकानदारांसाठी दिल्लीहून कॉम्प्युटरचं सामान आणायचे. दोन्हीकडच्या भावातल्या फरकावर आमचं घर चालायचं. मॉनिटर फुटला तर सगळी फेरी वाया. म्हणून मिलच्या चादरीत गुंडाळलेला मॉनिटर बर्थवर आणि बाबा खाली. घरी आल्यावर मॉनिटरकडे बोट दाखवून आईला म्हणायचे, "साहेब आरामात आले."

बाबा गेल्या महिन्यात गेले. काकूंना मी हे थोडक्यात सांगितलं.

त्या जरा सरकल्या, खोक्याला एका हाताने धरलं आणि म्हणाल्या, "याला मी सांभाळते. चला, वर बसा बरं."

इंदूर येईपर्यंत मी वर बसलो.

तुमच्यापैकी कुणी त्या काळी या गाडीने येत होतं का? माझ्या बाबांना कधी कुणी असं वर बसवलं होतं का, एवढंच विचारायचं होतं.