ट्रलीतला बायकांचा ख्रिसमस

प्रमोदिनीला नाही म्हणता येत नाही, हे एव्हाना ट्रली या आयरिश गावात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. नोकरी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात, पण डिसेंबर उजाडला की बाई जणू गावजेवणाची मुकादम! ऑफिसच्या पार्टीला सामोसे हिचे, लेकीच्या, म्हणजे रेवाच्या, शाळेतल्या नाटकात मेंढ्यांचे कान हिने शिवायचे, आणि नाताळात बस बंद म्हणून अडकलेली मराठी पोरंही हिच्याच सोफ्यावर. पंचवीस तारखेला बारा पानं उठली, एकतीसला सतरा. दोन जानेवारीला ती बाथरूममध्ये नळ सोडून रडली. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ, बरं का!

शेजारच्या नोरीनला मात्र सुजलेले डोळे दिसले. सत्तरीची खमकी बाई ती. तिने बजावलं, "सहा तारखेला बायकांचा ख्रिसमस. त्या दिवशी आमच्या केरी जिल्ह्यात घर पुरुषांनी सांभाळायचं. रविवारी चारला मी गाडी घेऊन येते, हॉटेलात चहाला जाऊ. आणि आधी काही रांधून ठेवायचं नाही!"

काय सांगू, प्रमोदिनी हरखूनच गेली! चार दिवस पाय जमिनीला लागेनात. नवरा देवदत्त तर छातीवर हात मारून म्हणाला, "पिठलं-भात माझ्याकडे." धाकधूक एकच होती, सासूबाईंची. सुहासिनीबाई कोल्हापूरहून तीन महिन्यांसाठी आलेल्या. मुलगा पिठलं ढवळतोय आणि सून हॉटेलात, हे त्यांना कसं रुचावं? त्या काही बोलल्या नाहीत, म्हणून तर जास्तच भीती.

पण सवय कुठली सुटायला! रविवारी पहाटे पाचला उठून बाईसाहेबांनी आमटी, उसळ, तीस पोळ्या केल्या आणि डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: 'दीड मिनिट गरम करणे'. देवदत्तने फ्रीज उघडला आणि भडकलाच. "एवढाही विश्वास नाही? मग जातेस कशाला?" त्याने सगळे डबे उचलून फ्रीझरमध्ये कोंबले. प्रमोदिनी खजील झाली.

चारला नोरीनचा हॉर्न वाजला. प्रमोदिनीचा एक पाय बाहेर, आणि आत देवदत्तने फोडणी घातली. झालं! छताचा धुराचा अलार्म किंचाळायला लागला. ती गर्रकन मागे वळली, कोटाचं वरचं बटणसुद्धा काढलं. आता आत गेले की गेले, पुन्हा काही बाहेर पडत नाही, हे तिला पक्कं कळत होतं.

"मॅम, गो ऑन, वी आर ग्रँड!" रेवा स्टुलावर उभी राहून टॉवेल हलवत इथल्या पोरांसारखी ओरडली. म्हणजे, आई, तू जा, आमचं झकास चाललंय!

इतक्यात जिन्यावरून सासूबाई उतरल्या. साडीवर मुलाचा जाड कोट, पायात बूट. "वाजू दे की तिकडं! घर पेटलंय व्हय? मी सकाळधरनं तयार हाय. मला कुणी इचारलं का, येतीस का म्हणून?"

प्रमोदिनी बघतच राहिली, आणि मग अशी खदखदून हसली की नोरीनने गाडीतून मान बाहेर काढली. अलार्म वाजत असतानाच दोघी गाडीत बसल्या.

हॉटेलात नुसत्या बायकाच बायका! आज्या, लेकी, नणंदा, एकच कल्ला. पर्समधला फोन दोनदा थरथरला. प्रमोदिनीने तो न बघताच बंद केला, आणि काय आश्चर्य, काहीसुद्धा बिघडलं नाही! महिनाभर आवळलेले खांदे सैल पडले. आतून इतकं शांत, इतकं मोकळं वाटलं की तिला तिथेच नाचावंसं वाटलं.

पांढऱ्या मिशांचा वाढपी वाकून सासूबाईंना काही विचारत होता. त्या नुसताच चमचा उलटसुलट करत होत्या.

"आई, साखर किती, असं विचारतोय तो."

"कळलं गं." त्यांचे डोळे भरून आले होते. "सत्तेचाळीस वर्सं सगळ्यांच्या चहाची साखर ध्यानात ठेवली. मला किती लागती, त्ये मलाच ठावं न्हाई."

प्रमोदिनीने अख्खी साखरदाणी त्यांच्यापुढे सरकवली. "घाला थोडी, चाखून बघा. नाही जमली तर दुसरा कप मागवू. आपल्याला आज कुठे जायचंय?"