बठ्ठासले जागा

२१ एप्रिलला दुपारी मी झाडांच्या नावाच्या पाट्या रंगवत बसले होते. एक मेला उद्यानाचं उद्घाटन ठरलेलं. झाडं माझ्या रोपवाटिकेतून गेली, म्हणून पाट्याही माझ्याच गळ्यात आल्या होत्या. पत्र्याला हिरवा रंग, त्यावर पांढरी अक्षरं, वर मराठी नाव आणि खाली शास्त्रीय नाव. निम्म्या पाट्या झाल्या आणि उद्यान विभागातून फोन आला. तिसरी ओळ हवी होती, स्थानिक बोलीतलं नाव.

"म्हणजे अहिराणी?" मी विचारलं.

"हो मॅडम. पाहुण्यांना आवडेल. आणि तेवढाच लोकसहभाग दिसतो."

मी बाभळीच्या पाटीवर 'बाभूय' लिहिलं. पिंपळाच्या पाटीवर 'पिंपय' लिहिलं आणि ब्रश रॉकेलच्या डब्यात टाकून उठले. याच बोलीतला एक शब्द आम्ही सगळ्यांनी मिळून गिळला, आणि त्यापायी त्या उद्यानाचं मागचं दार गेलं. आता ती बोली शोभेला हवी होती. ते दार कसं गेलं ते लिहून ठेवते. मला गैरसोयीच्या गोष्टी विसरायची सवय आहे.

उद्यान झालं ती जागा पूर्वी नुसतं मैदान होती. शहरातलं सगळ्यात मोठं. पुढच्या बाजूला मोठा रस्ता आणि त्यापलीकडे बंगल्यांची कॉलनी. मागच्या बाजूला वस्ती. कापसाच्या जिनिंगच्या कामासाठी चोपडा-शिरपूरकडच्या खेड्यांतून आलेली माणसं तिथे राहिली आणि वस्ती झाली. मैदानातून तिरपी पायवाट होती, मागून पुढे. धुणीभांडी करणाऱ्या बायका तिनेच कॉलनीत येत, पोरं शाळेत जात, आणि अक्का डोक्यावर भरताच्या वांग्यांची टोपली घेऊन सकाळी सातला कॉलनीच्या कोपऱ्यावर येऊन बसे. वस्तीत सगळे तिला अक्काच म्हणत. साठी उलटलेली, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. मी तिच्याकडून वांगी घेत आले, पण आमचं बोलणं वांग्यांपलीकडे कधी गेलं नव्हतं.

उद्यान 'लोकांच्या भागीदारीतून' करायचं ठरलं तेव्हा एक समिती झाली. महापालिकेचे अभियंता साहेब, कॉलनीच्या मंडळाचे सचिव, निवृत्त मुख्याध्यापक नाना, आणखी काही जण आणि झाडांसाठी मी. आराखडा करायला पुण्याहून सल्लागार आले. त्यांच्यातली एक आर्किटेक्ट मुलगी वस्तीत बैठक घ्यायला गेली आणि भाषेची अडचण नको म्हणून मला बरोबर नेलं.

बैठक वस्तीतल्या बुद्धविहारात झाली. बायका जास्त, पुरुष दाराशी उभे. मुलीने नकाशा भिंतीवर लावला आणि चिठ्ठ्यांची पद्धत समजावली. एका चिठ्ठीवर एक मागणी लिहायची. सगळ्या चिठ्ठ्या मोजायच्या. ज्याची मागणी जास्त ते आधी होणार.

अक्काने नकाशाकडे पाहिलंच नाही. तिने मला विचारलं, "बाई, भिंत व्हई का?"

"संरक्षक भिंत होईल अक्का. झाडं जगायला हवीत ना."

"झाडे जगाडशी. आन् आम्ही कथाईन जाऊत?"

मागून एक जण म्हणाली, "उडी मारीसन जाजो, आजी."

"तुन्हा सासराले सांग उडी माराले," अक्का म्हणाली. बायका हसल्या. दाराशी उभा असलेला सासरा हसला नाही.

मुलीने मला हळूच विचारलं, "काय म्हणतायत?"

"मागच्या दाराबद्दल विचारतायत."

"मग चिठ्ठीवर लिहायला सांगा ना. चिठ्ठीवर आलं की आराखड्यात येतं."

मी सांगितलं. लिहिता येणाऱ्या बऱ्याच होत्या, पण पेन धरायला कुणी पुढे होईना. शेवटी दहावी झालेली एक सून सगळ्यांच्या चिठ्ठ्या लिहायला बसली, आणि अक्काने मजकूर सांगितला: बठ्ठासले जागा ठेवजा. सगळ्यांसाठी जागा ठेवा. पहिलीने तोच सांगितला, दुसरीनेही तोच. सून न विचारता पुढच्या चिठ्ठ्या लिहीत सुटली.

"अक्का, दाराचं वेगळं लिहा," मी म्हटलं.

"कसाले? जागा बठ्ठासनी शे म्हंजे दार उनंच. बिनदारनी जागा कोणी देस का?"

मला ते पटलं. खरं तर पटायला नको होतं. मी समित्यांवर पुष्कळ वर्षं काढली आहेत. जे स्वतंत्र ओळीत नसतं ते नसतंच, हे मला ठाऊक होतं. पण सहा वाजून गेले होते आणि रोपवाटिकेत पाण्याची मोटर लावायची होती. निघताना अक्काने विचारलं, "तुले आहिराणी समजस ना, बाई?"

"समजतं," मी शुद्ध मराठीत म्हणाले.

माझं माहेर अमळनेरजवळच्या खेड्यातलं. घरात हीच बोली. पाचवीला मला धुळ्याच्या वसतिगृहात ठेवलं आणि पहिल्याच आठवड्यात मी वर्गात 'आहे'ऐवजी "पुस्तक घरी शे" म्हणाले. मुली वर्षभर मला 'शे' म्हणून हाक मारत होत्या. 'ए शे, डबा आण.' दिवाळीपर्यंत मी बोली सोडली. त्याचं मी कधी फार मनाला लावून घेतलं नाही, शाळेत टिकायचं होतं. पण चारचौघांत तो शब्द आला की मान खाली घालायची सवय लागली, ती राहिली.

दोन महिन्यांनी महापालिकेच्या सभागृहात सादरीकरण झालं. पडद्यावर मागण्यांचा गोल आला. त्यातला सगळ्यात मोठा तुकडा निळा होता आणि त्यावर लिहिलं होतं: बसण्याची सोय.

"मागच्या वस्तीतून तर जवळजवळ सगळ्यांनी हेच मागितलंय," ती मुलगी म्हणाली. तिला मनापासून आनंद झाला होता. "इतकी स्पष्ट मागणी आम्हाला क्वचित मिळते." आणि तिने नमुन्याची एक चिठ्ठी पडद्यावर मोठी करून दाखवली. बठ्ठासले जागा ठेवजा. खाली कंसात त्यांच्या ऑफिसातल्या कुणी तरी अर्थ दिला होता: बसायला जागा ठेवा.

त्या मुलीला मी दोष देत नाही. पुण्याच्या माणसाला 'बठ्ठा' दिसलं की 'बैठना' आठवणार. प्रश्न आमचा होता. साहेब चोपड्याचे. सचिव शिरपूरचे. नाना तर भाषणांतून बोलीचं जतन करा म्हणून सांगत फिरायचे. त्या टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एकाचंही मूळचं घर असं नव्हतं, की जिथे हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारला जात नाही. सगळ्यांनी पडदा वाचला. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. नानांनी चष्मा पुसला. मी समोरच्या कागदावरच्या झाडांच्या यादीत डोकं घातलं. मला वाटलं, नाना वडीलधारे आहेत, ते बोलतील. नानांनी नंतर मला सांगितलं, की त्यांना वाटलं मी बोलेन, कारण बैठकीला मी होते.

"मागचं गेट ठेवायचं का?" त्या मुलीने विचारलं. तिच्या पहिल्या नकाशात ते होतं, तुटक रेषेत, पायवाटेसकट.

"मागून तशी मागणी आहे का?" सचिवांनी विचारलं.

तिने तक्ता पाहिला. "नाही. गेटची एकही चिठ्ठी नाहीये."

"मग कशाला? सकाळी आमच्या बायका फिरायला येणार. एकच गेट असलं की लक्ष राहतं."

इतिवृत्तात लिहिलं गेलं की मागील प्रवेशद्वार सर्वानुमते वगळण्यात आलं. सर्वानुमते. बठ्ठासना मते म्हणू या.

चहाच्या वेळी ती मुलगी लॅपटॉप आवरत होती, तेव्हा साहेब कप उचलून म्हणाले, "घ्या नाना, बठ्ठासले बाकडं भेटनं." सगळे हसले. नाना हसले. मीही हसले. म्हणून मी खात्रीने सांगू शकते, की सगळ्यांना कळलं होतं.

सही मी तिथेच केली. मनात असं, की उगाच सभेत त्या मुलीचा पाणउतारा नको, नंतर साहेबांना फोनवर सांगू. आणि झाडांची ऑर्डर अजून पक्की व्हायची होती, तेही मनात होतंच. चार दिवसांनी फोन केला.

"मॅडम, आता इतिवृत्त मंजूर झालं," साहेब म्हणाले. "तुमचीच सही आहे त्यावर."

दिवाळीनंतर भिंत उभी राहिली. आतल्या बाजूने भिंतीला लागून ग्रॅनाइटची बाकं बसवली, ओळीने, कारण मागणी तीच होती. सगळी वस्तीकडे पाठ करून. आमच्याकडे मार्चपासून दुपारी त्या दगडावर हात टेकवत नाही, बसणं दूरच.

अक्का आता हायवेने येते. वस्तीतून बाहेर पडून हायवेच्या कडेने, केळीच्या ट्रकांच्या बाजूने, मग उड्डाणपुलाखालून वळून मोठ्या रस्त्याला. पूर्वी जिथे दहा मिनिटं लागत तिथे आता पाऊण तास लागतो. फुटपाथ नाही. ट्रक आला की टोपली सावरत रस्त्याकडेच्या चारीत उतरायचं. ती सातऐवजी पावणेआठला पोचते. तोवर कॉलनीतल्यांची भाजी घेऊन झालेली असते. फेब्रुवारीपासून ती आठवड्यातून तीनच दिवस येऊ लागली. यंदा चौदा एप्रिलला जयंतीची मिरवणूकही मैदानातून निघाली नाही, हायवेने गेली. पोलिसांनी एक बाजू अडवून दिली होती. माझ्या ओळखीचे लोक ट्रॅफिकबद्दल कुरकुरत होते.

मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी अक्का रोपवाटिकेत आली. पहिल्यांदाच. तिने पाणी मागितलं, प्यायली, आणि तांब्या खाली ठेवत म्हणाली, "आम्हन्या चिठ्ठ्या वाच्याच नहीत का व त्या लोकेसनी?"

"वाचल्या अक्का. पण वरून निर्णय झाला. आमचं तिथे काही चालत नाही."

मी हे इतक्या सहज म्हणाले, की मला स्वतःलाच खरं वाटलं. अक्काने मान हलवली. वरून निर्णय होतात हे तिला नवीन नव्हतं. उठताना तिने माझ्या टेबलाला धरून गुडघा सरळ केला.

'बाभूय' लिहिताना हे सगळं एका दमात डोळ्यांपुढे आलं आणि स्वतःची शिसारी आली. मी उरलेल्या पाट्यांना हात लावला नाही. कोरा कागद घेतला आणि अर्ज लिहिला. चिठ्ठ्यांवरच्या शब्दाचा अर्थ 'सर्वांसाठी' असा आहे, तो चुकीचा वाचला गेला, सभेला हजर असलेल्या मला तो अर्थ माहीत असूनही मी बोलले नाही, सबब त्या ठरावावरची माझी सही मागे घेत आहे आणि उद्घाटनापूर्वी भिंत फोडून मागचं दार करावं. पानभर झाला. संध्याकाळी नानांकडे नेला. त्यांनी दोनदा वाचला.

"लिहिलं आहेस छान," ते म्हणाले. "उद्घाटन होऊ दे. मग बघू."

"नाना, उद्घाटनानंतर कोण भिंत फोडेल?"

"आता तरी कोण फोडणार आहे?" त्यांनी कागद घडी करून परत दिला. घडी फार नीट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी स्कूटर कॉलनीत ठेवली आणि हायवेने चालत वस्तीत गेले. पाऊण तास लागला, दोनदा चारीत उतरावं लागलं. अक्का टोपलीत वांगी रचत होती. मी तिला सांगितलं, की चिठ्ठ्या वाचल्या गेल्या होत्या, चुकीच्या वाचल्या गेल्या, आणि मला तेव्हाच कळलं होतं. वर कुणी नव्हतं, आम्हीच होतो. हे मी अहिराणीत सांगितलं. तीस वर्षांनी बोलत होते, अडखळले.

ती वांगी रचत राहिली. मग म्हणाली, "आन् आते सांगी ऱ्हायनी?"

"हा."

"तव्हय काय तोंडमा गूय व्हता?"

गूळ कसला, झाडांची ऑर्डर होती. तिने चुंबळ डोक्यावर ठेवली. "हात लाव," म्हणाली. मी टोपली उचलून दिली आणि ती हायवेकडे निघाली. मला बरोबर ये म्हणाली नाही, मीही गेले नाही.

दहाला महापालिकेत आवक-जावकच्या खिडकीशी उभी राहिले. कारकुनाने अर्ज वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला.

"मॅडम, हा एक मेनंतर दिला तर नाही का चालणार?"

"नाही. आजची तारीख टाका."

त्याने शिक्का मारला, रजिस्टर ओढलं आणि पेन वर धरून विचारलं, "विषय काय लिहू? उद्यानातली बाकं?"

"मागचं दार," मी म्हणाले, आणि तो लिहीपर्यंत तिथून हलले नाही.