कोंबडीला भूक काहून लागते?

कळंबजवळच्या आमच्या शेडमध्ये पीएचडीचा डेटा मुंगीच्या पावलानं जमतो, किस्से मात्र न मागता ढिगानं जमतात. डोक्याला नुसता ताप!

विषय साधा आहे. पिल्लू वाढतं तसे त्याच्या मेंदूतले भूक लावणारे आणि भूक मारणारे हार्मोन कसे बदलतात? पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात काही पिल्लं पोटभर, काही उपाशी ठेवायची आणि दोन्हींचे मेंदू ताडून पाहायचे. सासूबाईंना हे सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, "कोंबडीचं राहू दे बाई. माहा पोरगा डबा तसाच वापस आणते, त्याचं पाह्य!"

*

केळापूरकडचे एक ब्रॉयलरवाले काका शेड पाहायला आले. अर्धा तास माझं लेक्चर ऐकून म्हणाले, "म्हंजे मेंदूच सांगते, आता खानं बस कर? मंग तो हार्मोन काढून टाका ना!"

"तसं नसतं हो काका."

"अन् काढला तं फेकू नका म्याडम. आमच्या जावयाले टोचू!"

*

तिसऱ्या आठवड्यात पिल्लांचं खाणं एकदम दुप्पट झालं. मी हरखले. गाइड सरही हरखले. "इंटरेस्टिंग!" म्हणाले. त्यावर मी चार पानं लिहिली.

मग एका सकाळी शेड सांभाळणाऱ्या लीलाबाई पिल्लांचं खाद्य खिडकीत टाकताना दिसल्या.

"चिमण्या येतेत म्याडम. त्या का परक्या हायेत?"

चार पानं फाडली. रडूच आलं.

*

शेवटची बॅच, सहावा आठवडा. सर फोनवर ओरडले, "आता चुकलात तर रजिस्ट्रेशन गेलं समजा!" मला केमिकल आणायला यवतमाळला जाणं भाग होतं. म्हणून मी सकाळीच खाद्य काढलं, पिंजऱ्यावर मोठ्या अक्षरांत 'उपास' असा कागद चिकटवला आणि लीलाबाईंना तीनदा बजावलं.

"मले का उपास समजत नाही म्याडम? सोमवार धरतो मी!"

दुपारी परतले. पिल्लं सुस्तावून पडलेली, गळ्याखालच्या पिशव्या टम्म!

"लीलाबाई! काय खाऊ घातलं यांना?"

बाईंना फार लागलं. डोळ्यांत पाणीच आलं.

"आईची आन म्याडम, मक्याचा एक दाना नाही देल्ला. साबुदान्याची उसळ देल्ली. मीठबी सेंधंच टाकलं!"