पांढऱ्या दगडांची रेघ

वस्तीच्या कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान होतं आणि त्या दुकानात उभी असायची ती बाई साऱ्या वस्तीची काकू होती. तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. मागची टेकडी वस्तीने सांभाळायची, हा चंग खरं तर तिनेच बांधला होता. शनिवारी कपड्यांचे गठ्ठे परत जायचे तेव्हा वरच्या सदऱ्याच्या खिशात चिठ्ठी असायची, ‘उद्या सकाळी सात. विळा आणा. सबबी घरी ठेवा.’ जो यायचा नाही त्याचे कपडे पुढच्या आठवड्यात हमखास उशिरा मिळायचे. नवरा म्हणायचा, “एक दिवस तू त्या टेकडीलाच इस्त्री करशील बघ.”

टेकडी तशी दिसायला काही खास नव्हती. काटेरी झुडपं, कमरेएवढं गवत, थोडी जुनी झाडं, ससे आणि एका ढोलीत घुबडाची जोडी. पण वस्तीला वारा लागायचा तो तिच्यावरून. दगडखाणीच्या लोकांचा तिच्यावर डोळा होता. जंगल खात्याने टेकडी वस्तीच्या हवाली केली ती एका अटीवर, की दर वर्षी गवत वाळायच्या आत लोकांनी जाळरेषा काढायची. म्हणजे दहा पावलं रुंद पट्ट्यातलं गवत मुळापासून कापायचं, पाचोळा झाडायचा आणि जमीन उघडी करायची. वणवा तिथवर येतो, खायला काही सापडत नाही, विझतो. एक वर्ष जरी रेषा काढायची राहिली तरी करार संपणार होता.

हा करार वस्तीच्या पदरात पाडला होता खात्याच्या गार्डने. चाळिशीच्या आतला, काटकुळा, गळ्यात कायम शिट्टी. त्यामुळे सगळे त्याला शिट्टीच म्हणायचे आणि त्यालाही त्याचं काही वाटायचं नाही. त्याचे साहेब हसायचे. म्हणायचे, “ही माणसं चार दिवस येतील, मग तूच एकटा कापत बसशील.” शिट्टीने लोकांची बाजू घेऊन साहेबांशी वाद घातला होता, हे काकूला माहीत होतं. ती त्याला तोंडावर कधीच चांगलं म्हणाली नाही. पण त्याच्या गणवेशाची घडी ती स्वतःच्या हाताने घालायची.

दगडांची युक्तीही त्याचीच. बेचाळीस घरं, बेचाळीस तुकडे. प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी एक मोठा दगड. ज्याचा तुकडा कापून झाला त्याने आपल्या दगडाला चुना फासायचा. खालून बघितलं की पांढऱ्या ठिपक्यांची रेघ दिसायची आणि कुठे काम राहिलंय ते लगेच कळायचं. शिट्टी सगळ्यांना बजावायचा, “आग लागली तर इकडेतिकडे पळू नका. पांढऱ्या दगडाच्या मागे येऊन उभे राहा. तिथे आग येत नाही.”

पाचव्या वर्षी काकूच्या डोक्यात एक खूळ शिरलं. लोक टाळाटाळ करायला लागले होते, म्हणून तिने दुकानाच्या शटरवर खडूने गैरहजर माणसांची नावं लिहायला सुरुवात केली. पहिल्या दोन रविवारी लोक हसले. तिसऱ्या रविवारी मागच्या गल्लीतल्या प्लंबरचं नाव लागलं. त्याची आई त्या दिवशी दवाखान्यात ऑक्सिजनवर होती. सोमवारी तो आला, बाहीने आपलं नाव पुसलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “आमच्या गल्लीतलं एकही माणूस आता टेकडीवर पाय ठेवणार नाही. तुम्हीच कापा तुमचं गवत.”

चूक आपली आहे हे काकूला तिथल्या तिथे कळलं होतं. दोन शब्द बोलली असती तर मिटलं असतं. प्लंबर काही दुष्ट नव्हता, दुकानाचा नळ त्याने किती वेळा फुकट बसवून दिला होता. पण बाईचा ताठा असा की मान मोडेल, वाकणार नाही. नवरा म्हणाला, “जाऊन ये ना त्याच्याकडे, आई कशी आहे विचार.” ती म्हणाली, “मी का जाऊ? मी काय त्याच्या बापाचं खाल्लंय?” आणि गेली नाही.

मागच्या गल्लीचे सात तुकडे तसेच राहिले. सातही ओळीने, वळणावर, जिथे गवत सगळ्यात दाट. शिट्टी दुकानात येऊन सांगून गेला, “काकू, बुधवारी मोठे साहेब बघायला येतायत. झालंय ना सगळं?” ती म्हणाली, “होतंय.” खरं बोलली असती तर तो विळा घेऊन स्वतः गेला असता. नेमकं तेच तिला नको होतं. साहेबांचं म्हणणं खरं ठरलं असतं.

मंगळवारी ती एकटी वर गेली. दुपारपर्यंत तिने एका तुकड्याचा कोपरा कापला आणि हाताला फोड आले. मग तिने बादलीतला चुना कालवला आणि सातही दगड रंगवले. रविवारी चार माणसं आणून कापून टाकू, असं मनाशी म्हणाली. चार दिवसांचा तर प्रश्न होता. बुधवारी साहेबांनी गाडीतून न उतरता खालूनच रेघ बघितली, मान डोलावली आणि गेले. काकूचा जीव भांड्यात पडला.

वणवा लागला शुक्रवारी. भर दुपारी, रस्त्याच्या बाजूने, वारा वस्तीकडे. काकू इस्त्री तशीच टाकून धावली. पायथ्याशी पोचली तेव्हा लोक बादल्या घेऊन वर-खाली करत होते. शिट्टी वळणावर होता. त्याने सगळ्यांना खाली पाठवलं होतं. प्लंबर तेवढा त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर होता. शिट्टी पांढऱ्या दगडाच्या मागे हातात ओला फाटा घेऊन उभा होता. धुरात पुढचं गवत दिसत नव्हतं, दिसत होता तो फक्त दगड. आग रेषेवर थांबेल, उडालेल्या ठिणग्या झोडपायच्या, एवढंच काम आहे, अशा बेताने उभा होता. काकू जीव खाऊन ओरडली, “खाली ये! तिथे गवत आहे! खाली ये!” वाऱ्यात तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. आग रेषेवर आली आणि थांबली नाही.

प्लंबरने त्याला ओढून काढलं. त्यात प्लंबरचे दोन्ही हात भाजले. शिट्टी दवाखान्यात तीन दिवस होता. चौथ्या दिवशी गेला.

चौकशी झाली. दगड काळे पडले होते, गवताची राख झाली होती, त्यामुळे कुठे काय कापलं होतं हे कुणाला कळणार? गार्डने उभं राहायची जागा चुकवली, वाऱ्याचा अंदाज आला नाही, असं कागदावर लागलं. आठवड्याने प्लंबर दुकानात आला. हाताला पट्ट्या, डोळे खाली.

“मला ठाऊक होतं आमच्याकडून कापलेलं नाही,” तो म्हणाला. “दगड पांढरे दिसले. वाटलं, तुम्ही माणसं लावून करून घेतलं असेल. मी शिट्टीला काही बोललो नाही, काकू.”

काकूने इस्त्री बाजूला ठेवली आणि शटर अर्धं खाली ओढलं.

“आता दोघंही गप्प राहू,” तो म्हणाला. “बोलून माणूस थोडाच येणार? टेकडी तेवढी जाईल.”

चार महिने दोघं गप्प राहिली. काकूचं अन्न तुटलं. नवऱ्याने विचारलं तर ती भिंतीकडे तोंड करायची. शटरवर तिने पुन्हा कधी काही लिहिलं नाही. रविवारी लोक आपण होऊन टेकडीवर जायला लागले होते. शिट्टीची आठवण म्हणून रोपं लावत होते. तिच्याने ते बघवत नव्हतं.

मग एका सकाळी शिट्टीची बायको आली. हातात तीन गणवेशांचा गठ्ठा. “क्वार्टर सोडायची आहे, काकू. हे कपडे खात्याला परत द्यायचेत. चुरगळलेले देऊ नयेत म्हणून आणले.” गठ्ठा ठेवताना ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “गावभर शिकवत फिरले कुठे उभं राहायचं ते. आणि स्वतः?”

काकूने तिन्ही गणवेशांना इस्त्री केली. सगळा दिवस त्यातच गेला. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ती प्लंबरच्या दारात गेली. “तुझी आई आजारी असताना तुझं नाव लिहिलं, ते चुकलं माझं,” म्हणाली. “आता माझ्याबरोबर साहेबांकडे चल. नाही आलास तरी मी जातेय.” तो आला. साहेबांनी दोघांचा जबाब लिहून घेतला, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “करार संपला, बाई. उद्यापासून तारेचं कुंपण. पुढे खाणवाल्यांचं काय करायचं ते वरून ठरेल.” काकू म्हणाली, “पण कागदावरची त्याची चूक काढा.” ते काढू म्हणाले.

वस्तीला बातमी तिच्या आधी पोचली होती. रस्त्यावर कुणी तिच्याकडे बघेना. ती घरी गेलीच नाही. गणवेश घेऊन तशीच क्वार्टरवर गेली. सामान बांधून झालं होतं. खोक्यांच्या मधोमध उभी राहून तिने सगळं सांगितलं. शटर, प्लंबर, सात दगड, साहेब. काही वगळलं नाही, स्वतःला वाचवेल असा एक शब्द मधे घातला नाही. “हवं तर मार मला,” शेवटी म्हणाली.

शिट्टीच्या बायकोने हात उगारला नाही. ती एका खोक्यावर बसली. घडी केलेल्या सदऱ्याच्या कॉलरवरून बोट फिरवत राहिली.

“चार महिने मी रोज मनातल्या मनात ह्यांच्याशी भांडतेय, काकू,” ती म्हणाली. “रोज. तुम्हाला अक्कल नव्हती म्हणून. आमचा विचार केला नाहीत म्हणून. शेवटच्या दिवशी दवाखान्यात सांगत होते, दगड पांढरा होता गं, दगड पांढरा होता. मी म्हटलं, गप्प बसा आता, काही बरळू नका. तेच शेवटचं बोलणं आमचं.”

काकू तिच्याजवळ जायला एक पाऊल पुढे आली. शिट्टीच्या बायकोने हाताने तिला तिथेच थांबवलं.

“तुम्हाला निदान चूक सांगायला माझ्याकडे येता आलं,” ती म्हणाली. “मी कुणाकडे जाऊ?”