मांडवकर गुरुजींचं परीक्षण

मांडवकर गुरुजींना पुस्तक द्यायचं म्हटलं की मला नको वाटायचं. पुस्तक वेळेवर परत यायचं, पण लाल पेन्सिलीने रंगून. बायको गेल्यावर नायक आठवडाभर अन्नाला शिवत नाही, असं कादंबरीत असलं की समासात गुरुजींचा शेरा: ‘खोटं. दुसऱ्या दिवशी जेवतो.’ पालीजवळच्या आमच्या वाचनालयाची मी कार्यवाह, त्यामुळे खोडरबर घेऊन बसायचं काम माझं. मी काही बोलले तर म्हणायचे, “कार्यवाहबाई, मला खोटं पचत नाही. तुम्हाला पचतं, तुमची प्रकृती चांगली.”

अशा माणसाला कथास्पर्धेचा परीक्षक नेमण्याची बुद्धी आमच्या कमिटीला झाली. विषय होता चक्रीवादळ. लेखकांच्या नावांवर पट्ट्या चिकटवून मी कथा त्यांच्याकडे पाठवल्या आणि डोक्याला ताप करून घेतला.

शेवटी दोन कथा उरल्या. दोन्हींत प्रसंग एकच. घराचं छप्पर उडालेलं कुटुंब शेजारच्या मास्तरांच्या दारात येतं. पहिल्या कथेतले मास्तर धावत येऊन दार उघडतात, पोरांना कोरडे कपडे देतात, चुलीवर पेज ठेवतात. वाचताना माझे डोळे भरून आले. दुसऱ्या कथेतले मास्तर कडी काढण्याआधी आतून विचारतात, “आधी सांग, गडगा कुणाचा?” दोन घरांमधल्या त्या दगडी कुंपणावरून त्यांचा जुना वाद असतो. बाहेर झाडं मोडतायत, पोरं भिजतायत, आणि बाप ओरडून सांगतो, “तुमचा, मास्तर, तुमचाच!” मग दार उघडतं.

गुरुजींनी पहिल्या कथेवर नेहमीचा ‘खोटं’ असा शेरा मारला आणि दुसरीला पैकीच्या पैकी गुण दिले. मी वैतागले.

“अहो गुरुजी, वादळात गडग्याचं कोण विचारतं? या लेखकाला माणसांचा राग आहे, दुसरं काय! पहिला बघा, माणसावर केवढा विश्वास!”

“पहिल्याला मास्तर चांगला दाखवायचाय. दुसऱ्याने तो बघितलाय. पेज दुसऱ्या कथेतही आहे की, दार उघडल्यानंतर. ती त्याने लपवलेली नाही.”

“पण असं कुणी करतं का?”

“मी केलं,” गुरुजी म्हणाले.

मी तिथल्या तिथे पट्ट्या काढल्या. पहिली कथा गुरुजींचा शेजारी शांताराम याची होती. दुसरी त्याच्या मुलीची, सुप्रियाची. बापलेकींनी एकमेकांना न सांगता लिहिलेलं दिसत होतं. मी गुरुजींना समजावायला लागले. बक्षीस मिळालेली कथा समारंभात सगळ्यांसमोर वाचतात, अख्खा गाव तुम्हाला मानतो, आपण दुसरा परीक्षक बघू. पण हा माणूस कुणाचं ऐकेल तर शपथ! “वाचणार मीच,” एवढं बोलून त्यांनी चहा मागवला.

आणि समारंभात वाचलीच. आवाज जरासुद्धा न कापता, गडग्याच्या प्रश्नासकट. एवढ्यावर थांबायचं की नाही? पण थांबतील तर ते गुरुजी कसले! कागद खाली ठेवून त्यांनी समोर बसलेल्या शांतारामला हाक मारली.

“शांताराम, पोरीने खरं लिहिलं. तू का नाही लिहिलंस? मला वाईट वाटेल म्हणून?”

शांताराम उठला.

“तुमचं नाय ओ, गुरुजी,” तो म्हणाला. “पोरं बघत व्हती. त्यांच्यादेखत मी ‘तुमचा, तुमचा’ करून वरडलो. बापान् ते कसं लिवायचं?”

मी सुप्रियाचं नाव पुकारलं, पण बक्षीस घ्यायला ती उठलीच नाही. बापाचा हात धरून खाली मान घालून बसून राहिली. बक्षिसाची पुस्तकं घेऊन गुरुजी व्यासपीठावर तसेच उभे. इतकी वर्षं मी त्या माणसावर चिडत आले होते, पण तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना.